उन्हाचे माप आणि उजेडाचे माप



पाटोद्याचा माणूस पाऊस मोजतो. मृगाने किती दिला, आर्द्रा कशा कोरड्या गेल्या, हस्ताचा एकच सडाका आला आणि तोही वाऱ्यावर गेला, हा हिशेब इथे शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतो. विहिरीत किती परस पाणी उरले हे मोजले जाते, टंचाईच्या साली टँकरच्या खेपा मोजल्या जातात. मांजरा नदी आपल्याच तालुक्यात गवळवाडीच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे दुसऱ्यांची शेते भिजवते, हे आपण काहीशा अभिमानाने आणि काहीशा खंतीने सांगत असतो. जे कमी असते ते माणूस मोजतो. जे उदंड आहे त्याची मोजदाद कोण करणार? वैशाखात दिवसभर डोके भाजून घेऊन संध्याकाळी व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे उन्हाचे माप हा विषय मांडणे म्हणजे कोकणात जाऊन पावसाचे कौतुक सांगण्यासारखे आहे, ह्याची मला कल्पना आहे.

तरीही आरंभीच घरातली एक गोष्ट सांगतो. माझी आत्या डाळतांदूळ निवडायला नेहमी सूप घेऊन ओसरीवर येऊन बसे. घर धाब्याचे, भिंती चांगल्या दोन हात जाड, स्वयंपाकघर अगदी आतले. लहानपणी मला वाटे की रस्त्यावरची वर्दळ पाहायला मिळावी म्हणून ती बाहेर बसते. पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले की तिला आत खडा दिसत नव्हता. भर दुपारी बारा वाजतासुद्धा दिसत नव्हता. घरात कोणी हे कधी बोलून दाखवले नाही, कारण कोणाला ते जाणवलेच नव्हते. डोळा अंधाराला सरावतो, आणि एकदा सरावला की समोर अंधार आहे हेच विसरतो. माणसाने उजेडाच्या बाबतीत आपल्या डोळ्यावर अविश्वास दाखवायला केव्हा आणि कसा आरंभ केला, एवढाच खरे पाहता आजचा विषय आहे.

मराठी भाषेने आपले काम बरेच सोपे करून ठेवले आहे. ऊन निराळे, उजेड निराळा. ऊन अंगाला लागते. उजेड डोळ्याला लागतो. वाळवण उन्हात घालतात, पोथी उजेडात वाचतात. ढगाळ दिवशी ऊन नसते पण उजेड असतो. आणि झाडाच्या पानांतून निसटून जमिनीवर पडतो तो कवडसा, तो ह्या दोहोंहून वेगळा. आपल्या आजीबाईंना ठाऊक असलेला हा भेद यंत्रांत उतरवायला शास्त्रज्ञांना दोनशे वर्षे लागली.

आपल्याकडे प्राचीन काळी सूर्य मोजला जात नव्हता असे नाही. पण मोजली जाई ती त्याची वेळ. सपाट जागी बारा अंगुळांचा शंकू उभा करायचा आणि विषुवदिनी, म्हणजे दिवस व रात्र समान असतात त्या दिवशी, मध्यान्हीची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. पाटोद्याचे अक्षांश एकोणीसला थोडे कमी आहेत. हिशेबाने आपली पलभा ४ अंगुळे ५ व्यंगुळे येते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. त्यातली रीत अशी की पलभेला १० ने गुणावे, ८ ने गुणावे, पुन्हा १० ने गुणून ३ ने भागावे, आणि तिन्ही उत्तरांची बेरीज घ्यावी. पाटोद्यापुरते हे गणित मी करून पाहिले. बेरीज ८७ पळे येते. अर्धा दिवस एवढ्याने वाढतो, म्हणजे सर्वांत मोठा दिवस ३२ घटी ५४ पळांचा. घड्याळात १३ तास आणि सुमारे १० मिनिटे. आजच्या सूक्ष्म गणिताने, वातावरणात किरण वाकतात तेही जमेस धरून, तो सव्वातेरा तासांच्या आसपास येतो. एका काठीच्या सावलीवरून आणि तीन सोप्या गुणाकारांवरून पाच मिनिटांच्या फरकाने उत्तर काढणाऱ्या ह्या गृहस्थापुढे हात जोडावेत असेच कोणालाही वाटेल. ह्याच मे महिन्याच्या मध्यास आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी शंकूची सावली त्याच्या पायाशीच विरून जाते. जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा तसे होते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. ज्यांना हे पाहायचे असेल त्यांनी अंगणात एक सरळ काठी ओळंब्यात उभी करावी.

परंतु पंचांगातला दिनमानाचा आकडा ढग पाहत नाही. जूनमधला सर्वांत मोठा दिवस नेमका मृग-आर्द्रांच्या झाकोळात येतो. दिनमान सव्वातेरा तास, आणि घरात दुपारी दिवा लावावा असा उजेड! दिवस किती लांब हे कळले, पण दिवसात काय भरले होते हे कळले नाही. त्यासाठी सावलीचे नव्हे, प्रकाशाचेच माप हवे होते, आणि ते माप घ्यायला डोळ्यावाचून दुसरे साधन नव्हते.

डोळा हा ह्या कामी किती अविश्वासू साक्षीदार आहे ते पाहा. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर पडणारा प्रकाश आजच्या एककात फार तर पाव लक्स भरतो. वैशाखातल्या दुपारी उघड्यावर तो एक लाख लक्सच्या घरात जातो. चार लाख पटींचा फरक! आपण दोन्हीकडे चालतो, माणसे ओळखतो आणि ‘छान उजेड आहे’ असे म्हणतो. बुबुळाचे छिद्र लहानमोठे होते म्हणून हे साधते असा समज आहे; पण ते छिद्र फार फार तर सोळा पट बदलते. बाकीची सगळी तडजोड डोळ्याचा आतला पडदा आपल्याला न विचारता करतो. व्यवहारात हा मोठा उपकार आहे, मोजमापात मात्र तो लबाड तराजू ठरतो.

१७२९ साली प्येर बुगेर ह्या फ्रेंच विद्वानाने ह्यातून वाट काढली, आणि ती वाट इतकी साधी आहे की आपल्याला कशी सुचली नाही असे वाटावे. किती पट, हे डोळ्याला सांगता येत नाही. पण शेजारी शेजारी ठेवलेले दोन प्रकाशित कागद सारखे उजळले आहेत की नाहीत, हे तो फार बारकाईने सांगतो. बाजारात तराजूचा काटा मधोमध आला की नाही एवढेच आपण पाहतो. वजन किती ते मापे सांगतात. बुगेरने डोळ्याला त्या काट्याच्या जागी बसवले आणि माप म्हणून मेणबत्ती घेतली. मेणबत्ती दुप्पट लांब नेली की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, हा नियम आधीच ठाऊक होता. सूर्याचा किरण बारीक छिद्रातून घेऊन भिंगाने फाकवायचा, मेणबत्ती मागेपुढे करून दोन्ही डाग सारखे करायचे, अंतर मोजायचे. मग रात्री चंद्राशी तेच करायचे. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या तीन लाख पट असे त्याचे उत्तर आले. आज आपण चार लाख पट मानतो. मेणबत्तीच्या भांडवलावर एवढे जवळ जाणे ही मी साधी गोष्ट समजत नाही.

पुढे १८४० च्या दशकात जर्मनीत बुन्सेनने ह्या तुलनेला आणखी सोपे रूप दिले. कागदावर तेलाचा एक डाग पाडायचा. कागदाच्या मागे उजेड जास्त असेल तर डाग उजळ दिसतो, पुढे जास्त असेल तर काळसर दिसतो. दोन्हीकडे सारखा झाला की डाग जवळजवळ नाहीसा होतो. भज्यांचा कागद खिडकीपाशी धरून हा प्रयोग कोणालाही घरी करता येईल, आणि प्रयोगाआधीची तयारीही चविष्ट असते. ह्याच बुन्सेनने रॉस्को नावाच्या सहकाऱ्याबरोबर डोळ्याला पुरते बाजूला सारण्याचाही उद्योग केला. चांदीच्या क्षाराचा कागद उजेडात किती वेळात किती काळवंडतो, ह्यावरून आकाशाच्या प्रकाशाचे माप घ्यायचे. रॉस्कोची ही रीत घेऊन थॉर्प नावाचा तरुण १८६६ साली ब्राझीलमधल्या पारा ह्या विषुववृत्ताजवळच्या गावी गेला आणि तिथल्या नोंदी लंडनजवळच्या क्यू येथील नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. उष्ण देशातला दिवस आणि थंड देशातला दिवस ह्यांची एकाच मापाने केलेली ही आरंभीची तुलना होय. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे स्वयंपाकघरात शिरताना त्याची गरज लागणार आहे.

आता ऊन. उन्हाच्या मापाची सुरुवात एका लोककथा गोळा करणाऱ्या माणसाने केली, हे मला फार आवडते. जॉन फ्रान्सिस कॅम्बेल हा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गेलिक भाषेतल्या कहाण्या उतरवून घेई. १८५३ साली त्याने लाकडी वाटीत पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवला. गोळा भिंगाचे काम करी आणि सूर्य सरकेल तशी वाटीवर जळकी रेघ उमटे. ढग आला की रेघ तुटे. १८७९ मध्ये स्टोक्स ह्या गणितज्ञाने लाकडी वाटीऐवजी धातूची चौकट करून तीत रोज बदलता येतील अशा कागदी पट्ट्या बसवल्या. काचेचा भरीव गोळा, खाली पट्टी, रोज सूर्यास्तानंतर पट्टी काढायची आणि जळकी रेघ मोजायची: आज इतके तास इतकी मिनिटे ऊन. ह्या यंत्राला न किल्ली द्यावी लागते, न वीज. सूर्य स्वतःच आपली रोजनिशी लिहितो, आणि तीही चटके देऊन! जगभरच्या आणि आपल्या देशातल्या वेधशाळांत हा गोळा अनेक पिढ्या टिकला तो ह्याच गुणामुळे.

पण त्याच्या रोजनिशीत खोट आहे. पहाटेचे कोवळे ऊन पट्टी जाळू शकत नाही. पट्टीवर दव असले तर ती आणखी उशिरा पेटते. उलट ढग येत-जात असतील तर क्षणभराच्या उन्हानेही मोठा डाग पडतो आणि हिशेब फुगतो. आणि मुख्य म्हणजे वैशाखातला एक तास आणि मार्गशीर्षातला एक तास त्याला सारखाच. ऊन होते की नव्हते एवढे तो सांगतो. किती कडक होते हे त्याला सांगता येत नाही.

कडकपणा मोजण्याची खात्रीची रीत १८९३ साली स्वीडनमध्ये क्नूट ऑंगस्ट्रॉमने काढली. काळ्या रंगाने माखलेल्या धातूच्या दोन सारख्या पट्ट्या घ्यायच्या. एक उन्हात, दुसरी सावलीत. सावलीतल्या पट्टीतून विजेचा प्रवाह सोडून ती उन्हातल्या पट्टीइतकीच तापेपर्यंत वाढवत न्यायचा. दोन्ही समान तापल्या की जेवढी वीज लागली तेवढे ऊन. पाहिलेत? पुन्हा तोच बुगेरचा तराजू. मेणबत्तीच्या जागी वीज आली आणि डोळ्याच्या जागी तापमान. त्याच्या मुलाने, आंडर्स ऑंगस्ट्रॉमने, १९२४ मध्ये बापाचे यंत्र आणि कॅम्बेलचा गोळा ह्यांची सोयरीक जुळवली. निरभ्र दिवशी जितके तास ऊन पडू शकते त्यांपैकी किती पडले हे कळले, तर दिवसभरात जमिनीला किती ऊर्जा मिळाली ह्याचा अंदाज एका सरळ सूत्राने येतो. ज्या गावी महागडे यंत्र नाही त्या गावाचे ऊन शेजारच्या वेधशाळेच्या जळक्या पट्टीवरून काढता येऊ लागले ते तेव्हापासून. कालव्याच्या पाण्याचा आणि पिकाच्या गरजेचा हिशेब मांडणारे लोक हे सूत्र आजही वापरतात.

आपल्या देशात हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याच साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ज्या परंपरेचे आपण आज इथे पाटोद्यात बसून अनुकरण करीत आहोत. हा निव्वळ योगायोग. पण मला तो बोलका वाटतो. १९२८ मध्ये खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले आणि पुण्यातल्या त्या दगडी इमारतीला लोक ‘शिमला ऑफिस’ म्हणू लागले. इथेच १९३२ पासून एल. ए. रामदास ह्यांनी पिकाच्या आतली आणि जमिनीलगतची हवा मोजण्याची शाखा उभी केली. आणि इथेच १९४८ साली उपकरणविभागात अन्ना मणी रुजू झाल्या.

अन्नाबाईंविषयी दोन शब्द अधिक बोलल्यावाचून राहवत नाही. जन्म १९१८ चा, केरळच्या डोंगराळ भागातल्या पीरमेडचा. बंगलोरला रामन ह्यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणके ह्यांच्या प्रकाशावर त्यांनी काम केले. प्रबंध लिहून झाला, पण पदव्युत्तर पदवी नाही ह्या सबबीवर विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही. पुण्यास आल्या तेव्हा आपली हवामानयंत्रे बहुतेक परदेशांतून येत. ती इथल्या कारखान्यात, इथल्या कारागिरांकडून बनवून घ्यायची आणि प्रत्येक यंत्र खरे बोलते की नाही हे पारखून मगच बाहेर पाठवायचे, हा त्यांचा बाणा. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असा त्यांच्या कामाचा रोख होता. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या निमित्ताने देशात सूर्यप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे विणले गेले, त्याची पारख पुण्यातून होई. त्या सगळ्या नोंदींतून १९८० साली भारतातील सूर्यप्रारणाच्या आकड्यांचा जाडजूड ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. २००१ मध्ये त्या वारल्या. मराठवाड्याच्या पठारावर एका चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी पाच युनिटांहून अधिक ऊर्जा उतरते, असे आज कोणीही सौर पंपवाला सहज बोलून जातो. त्या सहज बोलण्यामागे पन्नास-साठ वर्षे रोज पुसलेल्या काचा आणि पारखलेली यंत्रे आहेत. पुढे त्यांनी वाऱ्याच्या मोजणीचे कामही हाती घेतले. बालाघाटाच्या माथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्या पाहताना मला त्यांची आठवण होते.

ह्या मोजणीने एक धक्का देणारी गोष्ट उघड केली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये देशभरच्या केंद्रांवरील नोंदी तपासून दाखवले की १९८१ ते २००४ ह्या काळात जमिनीवर पोचणारे सूर्यप्रारण दर वर्षी चौरस मीटरमागे सरासरी ०.८६ वॅटने घटत गेले. तेवीस वर्षांत सुमारे वीस वॅट, म्हणजे एकूण प्राप्तीच्या दहाव्या भागाच्या आसपास. हवेतला धूर आणि धूळ ह्यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. सूर्य मंद झाला नव्हता, आपले आकाश गढूळ होत होते. आता मला सांगा, आपल्यापैकी कोणाला हे दिसले? ‘हल्ली ऊन फार वाढले’ असेच तर आपण पारावर बसून त्या सबंध काळात म्हणत होतो! गरम होणे वेगळे आणि ऊन वेगळे. पण अंगाला तो भेद कळत नाही, जसा डोळ्याला उजेडाचा कळत नाही.

उन्हाचे माप इथे संपते आणि उजेडाचे सुरू होते. काळी पट्टी सगळेच किरण पिऊन टाकते, डोळ्याला न दिसणारेसुद्धा. डोळा मात्र हिरव्यापिवळ्या रंगाला सर्वांत जास्त मानतो, तांबड्या-जांभळ्याला कमी, आणि पलीकडच्यांना मुळीच नाही. १९२४ साली आंतरराष्ट्रीय समितीने सरासरी माणसाच्या ह्या आवडीनिवडीचा एक प्रमाण आलेख ठरवून टाकला. वॅटवरून लक्सकडे जाण्याचा पूल तो हाच. आणि मोजणारे यंत्र आले ते तारेच्या कारखान्यातून. विलोबी स्मिथ हा समुद्राखालून जाणाऱ्या तारांची परीक्षा करताना सेलेनियमच्या कांड्या वापरीत होता. कांड्या ठेवलेल्या पेटीचे झाकण उघडले की त्यांचा विजेला होणारा विरोध कमी होतो, झाकले की वाढतो! १८७३ मध्ये त्याने हे जाहीर केले. पुढे १९३० च्या दशकात सेलेनियमची चकती बसवलेली, हातात मावणारी प्रकाशमापके छायाचित्रकारांच्या गळ्यात लटकू लागली. तिरप्या किरणांना हे यंत्र न्याय देत नसे. त्यासाठी चकतीवर दुधी काचेचा घुमट बसवावा लागला, आणि डोळ्याच्या आलेखाशी मेळ घालायला हिरवट काच. हल्ली खिशातला मोबाइलही लक्स दाखवतो. अंदाजाला तो ठीक. पण त्याच्या आकड्यावर घर बांधू नये.

शेतात आणि विहिरीत हे यंत्र नेले की नवेच घोटाळे होतात, ते थोडक्यात सांगतो. आंब्याखाली उजेड मोजायला गेलात तर कवडशात हजारो लक्स आणि वीतभर अंतरावर सावलीत त्याचा लहानसा अंश. कोणता खरा? वाऱ्याची झुळूक आली की दोन्ही जागा बदलतात. म्हणून एका जागी मोजून भागत नाही. ओळीने पुष्कळ जागी, पुष्कळ वेळा मोजून सरासरी धरावी लागते. १९५३ मध्ये मोन्सी आणि साएकी ह्या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की पानांच्या एकेका थराखाली उजेड ठरावीक प्रमाणात घटत जातो, जसा बुगेरने काचेच्या थरांत घटताना पाहिला होता. ज्वारी दाट पेरली की खालची पाने पिवळी का पडतात ह्याचे एक उत्तर इथे आहे. इव्हान्स आणि कूम्ब ह्यांनी १९५९ मध्ये तर जंगलात जमिनीवर बसून अख्ख्या आकाशाचे गोल छायाचित्र घेतले आणि फांद्यांच्या फटींतून वर्षभरात सूर्य कोठे कोठे डोकावेल हे त्यावर रेखून काढले. पाण्याच्या बाबतीत सेकी नावाच्या धर्मगुरूने १८६५ साली पोपच्या जहाजावरून पांढरी थाळी दोरीला बांधून भूमध्य समुद्रात सोडली. थाळी दिसेनाशी होईल ती खोली म्हणजे पाण्याच्या स्वच्छतेचे माप. सौताड्याच्या डोहात किंवा गावच्या बारवेत जेवणाची पांढरी थाळी सोडून हे आपणही करू शकू; दोरी मात्र घट्ट बांधावी, नाहीतर घरी गेल्यावर दुसरेच माप निघेल.

आता घरात येऊ.

घरातल्या उजेडाची मोठी अडचण ही की बाहेरचे आकाश क्षणाक्षणाला बदलते. आत शंभर लक्स मोजले. पण ढग सरकला की दोनशे. मग ही खोली उजेडाची की अंधाराची? उत्तर असे निघाले की आकडा सांगूच नये, वाटा सांगावा. एकाच क्षणी बाहेर उघड्या आकाशाखाली आणि आत बसण्याच्या जागी, दोन्हीकडे मोजायचे. बाहेरच्या शंभर भागांतले किती भाग आत पोचले ते म्हणजे त्या जागेचा दिवाप्रकाश-गुणांक. आकाश बदलले तरी हा वाटा फारसा बदलत नाही. हिशेबात थेट ऊन धरायचे नाही, आकाशाचा उजेड तेवढा धरायचा.

ही युक्ती इंग्लंड-युरोपात वाढली, आणि तिच्याबरोबर तिथले आकाशही पुस्तकांत आले. १९४२ मध्ये मून आणि स्पेन्सर ह्यांनी भरून आलेल्या आकाशाचे सूत्र दिले: माथ्यावरचे आकाश क्षितिजाच्या तिप्पट उजळ. १९५५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. पाटोद्याचे आकाश वर्षातले किती दिवस असे असते? आपले आकाश निरभ्र. सूर्याजवळ झगझगीत, सूर्यापासून काटकोनात गेले की सर्वांत गर्द निळे, आणि क्षितिजाशी पुन्हा पांढुरके. म्हणजे भिंतीतल्या खिडकीला जो आकाशाचा पट्टा दिसतो तोच आपल्याकडे उजळ असतो. शिवाय अंगणातली तापलेली पांढरी माती खालून उजेड फेकते ती वेगळीच. थॉर्प पाराला गेला तेव्हाच हे उघड व्हायला लागले होते की एका देशाचा दिवस दुसऱ्या देशाच्या मापाने घेता येत नाही. तरी आपल्याकडच्या इमारतींच्या हिशेबात परदेशी ढग बरीच वर्षे रेंगाळत राहिले. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते हटवले. तिने भारतासाठी निरभ्र आकाश हेच प्रमाण धरले. सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर, म्हणजे सूर्योदयानंतर साधारण तासाभराने, थेट ऊन वगळून उघड्यावर ८००० लक्स. त्या वेळी आत पुरेसा उजेड असेल तर दिवसभर असेल, असा त्यामागचा विचार.

ह्या आधारावर तयार झालेल्या भारतीय मानकात कोणत्या खोलीला किती वाटा हवा त्याचे कोष्टक आहे. १९७५ च्या आवृत्तीतले आकडे पाहा. बैठकीच्या खोलीला ०.६२५ टक्के, म्हणजे ५० लक्स. वर्गखोलीला १.९ ते ३.८ टक्के, म्हणजे कमीत कमी दीडशे लक्स. आणि स्वयंपाकघराला २.५ टक्के, म्हणजे २०० लक्स. बैठकीच्या चौपट!

हे कोष्टक प्रथम वाचले तेव्हा मी बराच वेळ त्याकडे पाहत राहिलो. आपल्या घरांची रचना आठवा. पुढे ओसरी, मग बैठक किंवा ढाळज, मग माजघर, आणि सर्वांत आत चूल. उजेड पुढून येणार. भिंतीमागून भिंत ओलांडताना त्याचा वाटा घटत जाणार. जिथे पन्नास लक्सवर भागते तिथे हजारो, आणि जिथे दोनशे हवेत, विळीवर बोट सांभाळायचे असते, भाकरीचा पापुद्रा करपतो की भाजतो हे पाहायचे असते, तिथे ताटातले शीतही धड दिसू नये. धाब्याच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या ह्यांना मी नावे ठेवणार नाही. उन्हाळ्यात जगायचे तर त्या हव्यात. इथे खिडकी मोठी केली की उजेडाबरोबर ऊनही घरात शिरते. ते शहाणपणच होते. पण चूल कोठे ठेवायची हे उन्हाने ठरवले नव्हते. ते आपण ठरवले होते.

जुन्या गवंड्यांनी थोडी भरपाई केली होती. चुलीवरच्या धाब्यात एक झरोका, सवणे, ठेवलेले असे. धूर वर जाई आणि उजेड खाली येई. आडव्या छतातले ते वीतभर भोक आकाशाचा थेट माथा पाही. ढगाळ दिवशी माथ्याचे आकाश तिप्पट उजळ असते हे आत्ताच आपण पाहिले. म्हणजे सवण्याचा खरा उपयोग पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात नेमके तेच फरशीने झाकावे लागे, कारण पाणी! भिंतींची गोष्टही अशीच. चुन्याने पांढरी केलेली भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग परत खोलीत टाकते. काजळी धरलेली भिंत जवळजवळ सगळा गिळते. दिवाळीला चुना दिला की संक्रांतीपर्यंत चुलीमागची भिंत पुन्हा काळी. आज घरोघर गॅस आला आणि भिंती तशा काळवंडत नाहीत. पण नव्या सिमेंटच्या घरांतही स्वयंपाकघर शेजारच्या भिंतीला चिकटलेले आणि त्याची खिडकी दोन घरांमधल्या हातभर बोळात उघडणारी, हे मी ह्याच गावात पाहिले आहे. बोळाच्या फटीतून आकाश जेवढे दिसते तेवढाच उजेड आत येणार. दिवसा दिवा लावून ते भागवतात, आणि वीज गेली की बाई सूप घेऊन दाराशी येते.

दोन यंत्रे मिळाली तर हे कोणालाही मोजता येईल. शाळेतल्या विज्ञानाच्या मुलांना मी आवर्जून सांगेन. एकाने अंगणात मोकळ्या आकाशाखाली, यंत्रावर थेट ऊन पडणार नाही एवढी लहानशी आडोशाची चकती दूर धरून उभे राहायचे. दुसऱ्याने आत ओट्याच्या उंचीवर यंत्र आडवे धरायचे. आवाज देऊन दोघांनी एकाच क्षणी वाचायचे. आतल्या आकड्याला शंभराने गुणून बाहेरच्याने भागायचे. मग तेच बैठकीत, वर्गातल्या शेवटच्या बाकावर, फळ्यासमोर. दहा मिनिटांचे काम आहे. उत्तर अडीचच्या खाली आले तर ते स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहून ठेवावे, आणि घरातल्या पुरुषांना वाचायला सांगावे. खडूची अक्षरे दिसत नसतील तर दार थोडे उघडावे लागेल.